गार दिव्यावरचं फडकं

१

दोन्ही वायरी पांढऱ्या होत्या. डावीकडच्या वायरीला टोकापासून बोटभर अंतरावर एक घट्ट गाठ मारलेली होती. उजवीकडची सरळ होती. शोकेसच्या आत, वरच्या कोपऱ्यात, दोन पितळी स्क्रूंखाली त्या नीट आवळलेल्या होत्या. प्रमोदिनी आगाशे यांना ती गाठ दिसली ती केवळ सवयीमुळे. साताऱ्याच्या कॉलेजात त्यांनी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं होतं, आणि प्रयोग फसला की त्या आधी जोडणीकडे बघत. इथेही काहीतरी फसलेलं होतं. शोकेसमधला दिवा लागत नव्हता.

शोकेस मिरजेच्या सतारमेकर गल्लीत, जैनुद्दीन यांच्या दुकानात होती, आणि तिच्यात उभा असलेला तंबोरा बाईंचा होता. निवृत्तीनंतर गाणं शिकायचं त्यांनी ठरवलं तेव्हा तंबोरा मिरजेचाच घ्यायचा हेही ठरवलं. पंधरवड्यापूर्वी त्या येऊन तो ऐकून गेल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी तंबोऱ्याइतकंच कौतुक दिव्याचं केलं होतं. वरच्या लाकडी पट्टीत तांदळाएवढे दिवे ओळीनं बसवलेले आणि त्यांचा उजेड चक्क पांढरा. लाल एलईडी त्यांनी कॉलेजच्या यंत्रांवर कधीपासून पाहिले होते. पांढरा मात्र पहिल्यांदाच. आत निळ्या उजेडाचा एक कण, त्यावर पिवळ्या चूर्णाचा लेप, आणि बाहेर पडताना दोन्ही मिळून पांढरं. त्यांनी तळहात पट्टीला लावून पाहिला होता. ऊब नव्हती. एखाद्या लहान मुलीसारख्या त्या हसल्या होत्या.

दिवे जैनुद्दीन यांच्या मुलानं, अजमलनं, कुपवाडच्या आपल्या छोट्या कारखान्यात बनवले होते. आधी शोकेसमध्ये दोन हॅलोजन असत. त्यांच्या धगीनं तारा उतरायच्या, आणि उन्हाळ्यात एका सतारीच्या भोपळ्याचा सांधाच उकलला. वीजबिल वेगळंच.

आता मात्र पट्टी काळी होती आणि समोरच्या दुकानाच्या पायरीवर नानासो खुशीत उभे होते. नानासो बल्ब, ट्यूब, होल्डर विकत. दुकानाच्या एका कोपऱ्यात त्यांचा टेलिफोनचा बूथही होता.

"आवं बाई," ते म्हणाले, "मी सांगत हुतो. मुंगीएवढा दिवा त्यो. मुंगीएवढंच त्याचं आयुष्य."

जैनुद्दीन गादीवर बसले होते. त्यांनी बाईंना सलाम केला, बसायला सांगितलं, आणि पुढे काही बोलले नाहीत. एरवी ते हवापाण्यापासून सुरुवात करत. आज उजवा हात मांडीवर, डावा जाकिटाच्या खिशात.

एवढ्यात त्यांची मुलगी शकिला बाजारातून आली. रमजान तोंडावर आला होता. पिशवीत खजूर होते. बाईंना पाहून तिचा चेहरा उजळला. पिशवी ठेवून ती तंबोरा दाखवायला शोकेसपाशी गेली, काचेतून आत बघत राहिली, आणि तिचा हात कडीवरच थांबला.

"ही घोडी अब्बांची नाही," ती म्हणाली.

मग बऱ्याच वेळानं, अगदी हळू:

"ही माझी आहे."

२

घोडी म्हणजे भोपळ्यावर, तारांच्या खाली बसवलेली रुंद पट्टी. ती हाडाची करतात. तिच्या पाठीला कानशीनं जो अगदी अलगद उतार द्यावा लागतो, तीच जवारी. तार त्या उताराला टेकत, सुटत थरथरते आणि एका तारेतून सुरांचं सबंध झाड उभं राहतं. उतार केसभर चुकला तर तंबोरा नाकात बोलतो. गल्लीत लाकूडकाम करणारे पुष्कळ होते. जवारीचा हात थोड्यांचा, आणि त्यांत जैनुद्दीन यांचा पहिला. स्वतःच्या घोडीच्या कडेला ते तापलेल्या तारेनं तीन ठिपके उठवत. काचेतून दिसणाऱ्या घोडीला ठिपके नव्हते.

शकिलानं ही घोडी पावसाळाभर बसून घासली होती. तयार झाल्यावर वडिलांना दाखवली. त्यांनी ती डोळ्यांजवळ धरली, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बघू." तेव्हापासून ती मागच्या फळीवर, पत्र्याच्या डब्यात होती.

"बघू" हा जैनुद्दीन यांचा आवडता शब्द होता. अजमल दुकानासाठी दिव्यांची पाटी बनवत होता. तिच्यावर वडिलांच्या नावापुढं काय लिहायचं, हे तो दिवाळीआधीपासून विचारत होता. उत्तर "बघू." अजमलनं विजेची वाट धरलेली, तो काही सतारी करणार नव्हता. शकिला करत होती, पण गल्लीतल्या एकाही पाटीवर मुलीचं नाव नव्हतं. शकिलानं हट्ट धरला नाही. तिनं फक्त पुण्याच्या एका वाद्यांच्या दुकानाला नकार कळवला नाही. त्यांनी तिला दुरुस्तीच्या कामावर बोलावलं होतं, आणि आज दुपारी नानासोंच्या बूथवर त्यांचा फोन यायचा होता. हो की नाही, तेवढंच सांगायचं होतं.

हे बाईंना सांगितलं नानासोंनीच, न विचारता. निकालही त्यांनीच लावला. पोरगी जाणार, तर जाता जाता बापाची घोडी काढून आपली बसवून गेली. त्यात कोडं कसलं?

"मी नाही बसवली," शकिला म्हणाली. आवाज चढला नाही. "बसवायची असती तर विचारून बसवली असती. आणि अब्बांची घोडी मी काढून ठेवणार कुठं? ती तर दिसतच नाही."

जैनुद्दीन तिच्याकडे बघत नव्हते. दिसलं सगळ्यांना तेच: बाप रागावला आहे. शकिलाचा चेहरा मिटत गेला. आज दुपारी ती फोनवर काय सांगेल, हे बाईंना त्या क्षणी कळलं.

त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि सगळ्यांना सांगितलं की शोकेसला कोणी हात लावायचा नाही.

"तंबोरा माझा आहे," त्या म्हणाल्या. "तेव्हा चौकशीही माझी."

"मग पोलीस कशाला पगार खात्यात?" नानासो म्हणाले; पण स्टूल त्यांनीच आणून दिलं.

३

स्टुलावर उभं राहिल्यावर दिव्याची पट्टी बाईंच्या डोळ्यांसमोर आली. तंबोऱ्याची दांडी इतकी उंच होती की ही पट्टी खाचेतून उचलल्याखेरीज तंबोरा आत जात नव्हता, बाहेर येत नव्हता. आणि पट्टी उचलायची तर आधी दोन वायरी सोडवाव्या लागत. म्हणजे घोडी बदलणाऱ्यानं वायरी सोडल्या होत्या, आणि काम झाल्यावर परत जोडल्याही होत्या. चोर असा नसतो. काम झालं की चोर दिवा जोडत बसत नाही.

पट्टीच्या वरच्या अंगाला एक फडकं होतं. फ्लॅनेलचं, चौघडी घातलेलं, पॉलिशच्या लाखेनं कडक झालेलं. पट्टीला मध्यावर ते असं बिलगून होतं की एका बाजूला अंगठ्याचा आणि दुसऱ्या बाजूला चार बोटांचा दाब अजून दिसत होता. बाईंनी ते उचललं नाही. बराच वेळ नुसतं पाहिलं.

खाली उतरून त्यांनी शोकेसचं दार उघडलं, पिशवीतून नादकाटा काढला आणि गुडघ्यावर आपटून कानाशी धरला. निवृत्तीच्या दिवशी प्रयोगशाळेतल्या मंडळींनी तो भेट दिला होता. मागच्या खेपेला याच काट्यावरून त्यांनी आपला सूर सांगितला होता. आत हात घालून त्यांनी षड्जाची तार छेडली. तार काट्याशी तंतोतंत मिळालेली होती. घोडी बदलायची तर चारही तारा सैल कराव्या लागतात. कोणीतरी त्या पुन्हा चढवून, घोडीवर तारांखाली असणारे सुताचे दोरे सारून, बाईंचा सूर नुसत्या आठवणीनं जागेवर आणला होता.

बाहेर पिठाची गिरणी घरघरत होती. तार पुढे काय म्हणाली ते त्यांना नीट ऐकू आलं नाही.

मग त्यांनी एकेकाला विचारायला सुरुवात केली. शकिलानं सांगितलं की सकाळी दुकान उघडून तिनं काच पुसली, तेव्हा दिवा चालू होता. थोड्या वेळानं लाइट गेली. ती बाजारात निघाली तेव्हा लाइट आलेली नव्हती. तंबोऱ्याकडे तिनं तेव्हा पाहिलं होतं का? रोज बघते, ती म्हणाली. तीन ठिपके जागेवर होते.

लाइट आली ती बाई गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून उतरत होत्या तेव्हा. गिरणी सुरू झाल्याचं त्यांना आठवत होतं. म्हणजे घोडी बदलली गेली ती या मधल्या काळात.

नानासो तेवढा वेळ आपल्या पायरीवर बसून होते. लाइट गेल्यावर बल्ब विकणाऱ्याला दुसरं काय काम? दुकानात कोणी परका आला नाही, हे त्यांनी छातीठोकपणे सांगितलं; लाइटीविना आत अंधार, आतलं मात्र त्यांना पायरीवरून दिसलं नव्हतं.

"तुम्ही स्वतः?" बाईंनी विचारलं.

"मी गेलो हुतो की आत. पाणी प्यायला." नानासो क्षणभर थांबले. "आवं, माठ शोकेसच्या बाजूलाच हाय. संशय नका घेऊ."

"मी नोंद घेतली," बाई म्हणाल्या.

"लाइट गेली की ही गल्ली लय ग्वाड असती बघा," विषय बदलत नानासो म्हणाले. "गिरणी बंद, सगळं गप. मग घराघरातनं तारा वाजाय लागत्यात. एरवी ह्या गिरणीपुढं कुणाला काय ऐकू येतंय?"

राहिला ज्ञानू, पॉलिशवाला. फडकं त्याच्याच कामातलं होतं, आणि तारा मिळवायचा कानही त्याला होता. बाई त्याची चौकशी करणार तोच तो दारात उभा राहिला. केसांत, कानांत, शर्टाच्या शिवणीत गुलाल. काल म्हसवडला सिद्धनाथाचा रथ होता. सकाळी पहिली एसटी धरून तो थेट स्टँडवरून येत होता. प्रसादाचं खोबरं त्यानं पहिल्यांदा जैनुद्दीन यांच्या हातावर ठेवलं.

"तू इथं कधी पोचलास?" बाईंनी विचारलं.

"ह्यो आत्ताच की. व्हय, काय झालं?"

जैनुद्दीन यांनी खोबरं उजव्या हातात घेतलं. मोठा तुकडा होता, फोडायला दोन हात लागले असते. त्यांनी तो तसाच मांडीवर ठेवला.

बाईंनी घड्याळ पाहिलं. फोन यायला वेळ होता. "कुपवाडला जाऊन येते," त्या म्हणाल्या. "मी येईपर्यंत त्या दिव्याला कोणी हात लावू नका."

४

अजमलचा कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड. तीन टेबलं, सोल्डरिंगचा वास, भिंतीला टेकवलेल्या पाट्या. बाईंची रिक्षा थांबली तेव्हा तो एका मिठाईवाल्याच्या काचेच्या कपाटासाठी पट्टी जोडत होता. पेढ्यांवर बल्बची धग नको म्हणून त्यांनी मागवली होती.

शोकेसमधला दिवा बंद पडला, हे ऐकून त्याला वाईट वाटलं नाही. त्याला ते पटलंच नाही.

"बंद पडणार नाही, बाई. मी आणि शकिलानं मिळून बनवलाय. निम्मे डाख तिचे आहेत. तिचा हात माझ्यापेक्षा बारीक."

घोडीचं सांगितल्यावर मात्र त्याचा हसरा चेहरा उतरला. बहिणीनं हे केलं नाही, याबद्दल त्याला शंका नव्हती. बाईंनी त्याला सहानुभूती दिली नाही, प्रश्न विचारला.

"वायरीला गाठ कशाला मारता?"

"ती होय?" त्यानं टेबलावरच्या पट्टीच्या वायरी उचलल्या. दोन्ही पांढऱ्या, एकीला गाठ. "लाल-काळी वायर दुकानात वाईट दिसते. म्हणून दोन्ही पांढऱ्या. गाठीची प्लस, ती उजव्या स्क्रूला. ही शकिलाची युक्ती. साध्या बल्बला कुठलीही वायर कुठंही लावा, पेटतो. ह्याला तसं चालत नाही. एकाच बाजूनं वीज घेतो."

"आणि उलटी लावली तर?"

"तर गप बसतो. बिघडत नाही, लागतही नाही."

बाईंनी मान हलवली. हे त्यांना ठाऊकच होतं. त्यांना गाठीचा नियम कोणाचा ते हवं होतं, आणि ते मिळालं होतं.

मग त्यांनी पेटती पट्टी मागितली. अजमलनं ती उघड्या बोटांनी उचलून त्यांच्या हातात दिली, पेन द्यावं तशी. आणि हसला. पहिल्या दिवशी नानासोकाका दिवा बघायला आले होते, त्यानं सांगितलं. हात लावा म्हटलं तर आधी बोटाला थुंकी लावली, मग लांबून टेकवलं, आणि चटका बसला नाही म्हणून वर रागावले. बल्बवाल्या लोकांना हे दिवे खरेच वाटत नाहीत.

बाईही हसल्या. पण त्या आता भिंतीकडे बघत होत्या. तिथं एक लांब पाटी उभी होती. अजमलनं बटण दाबलं. लाल ठिपक्यांची अक्षरं उजळली: जैनुद्दीन आणि. त्यापुढं पाटी कोरी होती. भोकं पाडून ठेवलेली, दिवे नसलेली.

"'आणि' आधीच कसं केलंत?"

"पुढं काहीतरी येईल म्हणून," अजमल म्हणाला. "एवढी आशा तर पाहिजे ना, बाई."

बाई पाटीसमोर उभ्या राहिल्या. गार दिव्याला धरलेलं फडकं. डावीकडची गाठ. बंद गिरणी. आणि ज्याला त्यांनी आज एकही प्रश्न विचारला नव्हता असा एक माणूस.

"तुमची गाडी आहे ना?" त्या म्हणाल्या. "मला लगेच मिरजेला सोडा. स्क्रू-ड्रायव्हर घ्या. आणि ती पाटीही घ्या."

५

एम-एटीवर मागे पाटी आडवी धरून बसलेल्या बाईंना पाहून गल्लीतली कामं थांबली. दुकानात शकिला खजूर निवडत होती. नानासोंनी विचारायच्या आतच बाई म्हणाल्या की कळलं.

"कोण?"

"आधी दिवा."

त्यांनी अजमलला स्टुलावर चढवलं. त्यानं कोपऱ्यात पाहिलं, आणि हसू दाबत दोन्ही वायरी सोडून अदलाबदल केली. गाठ उजव्या स्क्रूखाली गेली. स्क्रू आवळता आवळता पट्टी उजळली. पांढरा, शांत उजेड तंबोऱ्याच्या भोपळ्यावरून खाली ओघळला. पॉलिशचा तांबूस रंग जागा झाला. ज्ञानूनं टाळ्या वाजवल्या. नानासो जवळ येऊन बघत राहिले.

"आयला," ते म्हणाले, "जित्ता हाय की त्यो."

"दिवा बिघडला नव्हता," बाई म्हणाल्या. "उलटा जोडला होता. जोडणाऱ्याला ते कळलं नाही, कारण तेव्हा लाइट नव्हती. लावून बघायची सोय नव्हती."

त्या वर्गात बोलत तशाच बोलत होत्या, सावकाश, एकेक पायरी. शकिला आणि अजमल यांनी हा दिवा स्वतः बनवला. गाठीचा नियम शकिलाचा. झोपेतही तिच्या हातून गाठ डावीकडे गेली नसती. तिनं वायरी जोडल्या नाहीत, म्हणजे तिनं तंबोरा काढला नाही.

मग त्यांनी फडकं खाली काढून सगळ्यांना दाखवलं. "हे बघा. पट्टी धरताना हाताला चटका बसू नये म्हणून धरलेलं आहे. पण हा दिवा गारच असतो; पेटता असला तरी. आणि तेव्हा तर तो विझलेला होता. ज्यानं धरलं त्याच्या हाताला विचार करायला वेळ नव्हता. त्यानं सगळं आयुष्य तापलेले बल्ब काढलेत."

सगळ्यांच्या नजरा एकाच वेळी नानासोंकडे वळल्या.

"ए बाबांनो," नानासो दोन पावलं मागे सरले. "मी नुसतं पाणी प्यालो."

"खरं आहे," बाई म्हणाल्या. "तारा माझ्या सुरात मिळालेल्या आहेत. नानासो, गेल्या वेळी तुम्ही हीच तार ऐकून मला म्हणाला होता की गिरणीचा पट्टा घासतोय."

गल्ली हसली. नानासोही हसले, सुटल्याचं हसू होतं ते. ज्ञानूला कान आहे, बाई पुढे म्हणाल्या, पण तो म्हसवडच्या एसटीत होता. मग उरतं कोण? ज्याला जवारीचा हात आहे. माझा सूर ज्याच्या डोक्यात पक्का आहे. ज्याला घोडी बदलून ऐकायला शांतता हवी होती, म्हणून गिरणी बंद व्हायची तो वाट बघत होता. शकिलाचा डबा कुठल्या फळीवर आहे, हे ज्याला ठाऊक आहे; गाठीचा नियम मात्र ठाऊक नाही. याच शोकेसमधले तापलेले हॅलोजन ज्यानं वर्षानुवर्षं फडक्यानं धरून काढले. आणि काम झाल्यावरही शोकेस दिव्याविना ठेवणं ज्याला बरं वाटलं नाही.

त्या थांबल्या. नाव त्यांनी घेतलं नाही.

"आज सकाळपासून मी सगळ्यांना प्रश्न विचारले," त्या म्हणाल्या. "एकाला विचारायचा राहिला. जैनुद्दीनभाई, तुमच्या खिशात काय आहे?"

६

जैनुद्दीन यांनी डावा हात बाहेर काढला. तळव्यावर हाडाची घोडी होती, कडेला तीन ठिपके.

बाहेर गिरणी घरघरत होती.

ते बोलू लागले ते शकिलाशी नाही, बाईंशी. पोरीनं घोडी दाखवली त्या दिवशीच अंगठ्याला कळलं होतं. पण अंगठ्याचं ऐकायचं का कानाचं? लाकडावर बसल्याशिवाय घोडीचं काय सांगायचं? आज लाइट गेली, गिरणी गप झाली, पोरगी बाजारात होती. त्यांनी तंबोरा काढला, आपली घोडी उतरवली, तिची चढवली. ऐकली. आणि मग ती उतरवायला हात होईना.

"म्हटलं, बाई येणार हायती," ते म्हणाले. "त्यांनी आपली ऐकलीया. ही बी ऐकूदेत, कुणाची हाय ते न सांगता. बापाच्या कानावर काय भरवसा? त्यो लाडानं ऐकतोय का सुरानं, हे आमालाच कळंना."

"आणि मी आल्या आल्या ओरडले," शकिला म्हणाली.

"तू कुठं ओरडलीस? नानासो ओरडला. मग तुला न इचारता तुझी घोडी चढवली, हे चारचौघांत सांगायला आमाला तोंड ऱ्हाईलं न्हाई." त्यांनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "तुला बोल लागला, बेटा. ते चुकलं."

शकिला हसत होती आणि ओढणीनं डोळेही पुसत होती. अजमल स्टुलावरून उतरायचं विसरला होता.

"मग आता ऐकते," बाई म्हणाल्या. "पण या आवाजात नाही."

नानासो आधीच रस्त्यात होते. गिरणीच्या दारात उभं राहून त्यांनी मालकाला काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. पण दळणाला आलेली रंगुबाई कंबरेवर हात ठेवून बाहेर आली आणि तिनं विचारलं की पीठ थांबवून असं कुणाचं लगीन लागतंय. मग पट्टा फडफडला, मंदावला, थांबला. गल्ली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली.

अजमलनं वायरी सोडल्या आणि पट्टी उचलली. उघड्या बोटांनी. शकिलानं तंबोरा काढून बाईंच्या मांडीवर दिला. बाईंनी डोळे मिटले आणि चारही तारा एकामागून एक छेडल्या. पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज. पुन्हा. पुन्हा.

पंधरवड्यापूर्वी ऐकलेला आवाज त्यांच्या कानात होता: भारदस्त, गोल, वडीलधारा. हा वेगळा होता. तार सुटल्यावर सूर वर चढत गेला, त्यातून गंधार उमलला, त्याच्याही वर आणखी कुठलासा बारीक स्वर चमकला आणि विझायला तयार होईना. कंपनांचं सगळं गणित बाईंना येत होतं. तरीही त्या नऊवारी नेसलेल्या रंगुबाईइतक्याच चकित होऊन ऐकत राहिल्या.

"जैनुद्दीनभाई," शेवटी त्या म्हणाल्या, "तुमचा अंगठा बरोबर होता. ही घोडी मी परत देणार नाही."

जैनुद्दीन यांनी मान खाली घातली. तळव्यावरची आपली घोडी त्यांनी एकदा अंगठ्यानं चाचपली आणि शकिलाच्या हातात ठेवली.

तेवढ्यात समोर फोन वाजला. गिरणी बंद होती, म्हणून साऱ्या गल्लीला ऐकू आला. नानासो धावले. रिसिव्हर उचलला, ऐकला, आणि तो हातात तसाच धरून वायर पोचेल तेवढे पायरीवर आले.

"शकिला, पुण्याचा हाय गं. काय सांगायचं इचारत्यात."

शकिला उठली. दाराशी गेली. उंबऱ्यावर ती थांबली आणि तिनं मागे वळून वडिलांकडे पाहिलं. काही मागत नव्हती ती. फक्त थांबली होती. अजमलनं भिंतीला टेकवलेली पाटी न बोलता पुढे ओढली. कोरी बाजू सगळ्यांना दिसली.

जैनुद्दीन "बघू" म्हणतील असंच सगळ्यांना वाटलं. मग त्यांनी ज्ञानूच्या प्रसादाचं खोबरं मांडीवरून उचललं, दोन्ही हातांनी कडकन फोडलं, आणि समोरच्या पायरीवरच्या नानासोंना, गिरणीवाल्याला, रंगुबाईला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"अजमल, 'आणि'च्या पुढं शकिला लिही."